सोलर घेण्याआधी वहीत मांडायचं गणित : शेतवस्तीवरच्या घरासाठी पॅनल आणि बॅटरी

या भागात आकडे जरा जास्तच आलेत. कानात हेडफोन आणि हातात खुरपं असताना आकडे लक्षात राहत नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून बोललो ते सगळं इथे लिहून ठेवतोय. वही-पेन घेऊन बसा, आपल्या घराचे आकडे शेजारी मांडत चला. शेवटी तुमच्या हातात तुमच्या घराचा हिशोब असेल आणि दुकानात गेल्यावर कुणी काहीही गळ्यात मारू शकणार नाही.

माझ्या गळ्यात मारलं गेलं होतं. खरं तर मीच ते मारून घेतलं. तिथूनच सुरुवात करतो.

दुसरी रात्र

आमचं घर घनसावंगी तालुक्यात, गावापासून तीन किलोमीटरवर शेतात आहे. आमच्याकडे त्याला आखाडा म्हणतात. घरात आजी, आई, आबा, धाकटी बहीण आणि मी. लाईट शेतीच्या लाईनवरची, म्हणजे थ्री फेज ठरलेल्या आठ तासांसाठी येणार, कधी दिवसा तर कधी रात्री. बाकी वेळ सिंगल फेज असली तर असली.

दोन वर्षांपूर्वी मी हौसेनं सोलर बसवलं. ३३५ वॅटचं एक पॅनल, १५० एएचची एक ट्यूब्युलर बॅटरी, साधा इन्व्हर्टर आणि एक स्वस्तातला चार्जर. सगळे मिळून ३७ हजार गेले. हिशोब काही केला नव्हता. दुकानात विचारलं, "घराला पुरेल ना?" ते म्हणाले, "पुरेल की." झालं.

जुलैमध्ये पावसात आमची डीपी जळाली. काळ्या मातीचा रस्ता, गुडघाभर चिखल, नवी डीपी घेऊन गाडी येणार कशी? नऊ दिवस लाईट नव्हती. पहिल्या रात्री दोन्ही पंखे चालले, आम्ही खूश. दुसऱ्या रात्री एकच पंखा ठेवला, तरी एक वाजता इन्व्हर्टर टूं-टूं करून बंद पडला. नेमका तेव्हाच आजीला दम लागला. नेब्युलायझर हातात, पण लावायचा कशाला? मोटारसायकल चिखलात जाईना. आबांनी ट्रॅक्टर काढला, आजीला गोधडीत गुंडाळून ट्रॉलीत बसवलं आणि गावात चुलत्यांच्या घरी नेलं. गावठाणाची लाईन वेगळी, तिथे लाईट होती. मशीन लावल्यावर पंधरा मिनिटांत आजीचा श्वास बसला. उरलेले दिवस ती तिथेच राहिली.

घरी छपरावर पॅनल होतं, खोलीत बॅटरी होती, आणि लागायच्या वेळी दोन्ही कामाला आलं नाही. त्यानंतर मी पहिल्यांदा वहीत गणित मांडलं.

आधी एक गैरसमज दूर करू

सोलर म्हटलं की सगळे अनुदानाचं विचारतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. त्यात घराच्या छतावर १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त असेल तर ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. योजना चांगली आहे. पण ती लाईनला जोडलेल्या सोलरसाठी आहे. दिवसा तुमची जास्तीची वीज लाईनमध्ये जाते, मीटर उलटा हिशोब धरतो आणि बिल कमी येतं.

आता गंमत बघा. लाईट गेली की हे सोलर पण बंद पडतं, भर दुपारी, कडक उन्हात. तो बिघाड नसतो, मुद्दाम तसं केलेलं असतं. लाईन बंद करून वायरमन खांबावर चढलेला असताना तुमच्या छतावरून त्या तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल. म्हणून लाईनला जोडलेला इन्व्हर्टर लाईन मेली की स्वतःही थांबतो.

म्हणजे दोन वेगळी दुखणी आहेत. गावात राहता, लाईट बऱ्यापैकी असते, पण बिल जास्त येतं? मग अनुदानवालं सोलर बघा. शेतात राहता, बिल थोडंच येतं, पण लाईटच नसते? मग तुम्हाला बॅटरीवालं सोलर लागेल आणि त्याचा खर्च बहुतेक स्वतःच्या खिशातून करावा लागेल. हे दोन्ही एकत्र करणारे हायब्रिड इन्व्हर्टरही मिळतात, पण ते महाग पडतात. आजचा भाग दुसऱ्या दुखण्यावर आहे.

आणखी एक. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या लाईनला दिवसा वीज द्यायचं काम चालू आहे. पिकाला रात्री पाणी द्यायला जावं लागू नये म्हणून ते हवंच. पण आखाड्यावरच्या घराला गरज असते रात्रीची. म्हणून मोटारीचा प्रश्न सुटला तरी घराचा सुटेलच असं नाही.

पहिली पायरी : घराला लागतं किती?

वॅट गुणिले तास म्हणजे वॅट-तास. हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट. बस, एवढंच गणित आहे. प्रत्येक वस्तूच्या मागे वॅट लिहिलेले असतात. लाईट नसतानाही जे चालायलाच हवं, तेवढंच लिहा. आमची यादी अशी झाली :

- ९ वॅटचे ५ एलईडी बल्ब, ५ तास : २२५
- ३० वॅटचे २ बीएलडीसी पंखे, १० तास : ६००
- ४ फोन, दिवसातून एकदा चार्ज : ६०
- ५० वॅटचा टीव्ही, ३ तास : १५०
- १५० वॅटचा नेब्युलायझर, अर्धा तास : ७५

बेरीज १,११० वॅट-तास. म्हणजे रोजचे सव्वा युनिटच्या आत.

यात पंख्याचा आकडा नीट बघा. आमचे जुने पंखे ७५ वॅटचे होते. दोन पंखे दहा तास म्हणजे १,५०० वॅट-तास. नुसते पंखेच आख्ख्या यादीपेक्षा जास्त वीज खात होते! बीएलडीसी पंखा साधारण तीन हजाराला येतो. दोन पंख्यांना सहा हजार गेले आणि रोजचे ९०० वॅट-तास वाचले. तेवढी वीज सोलरवर बनवायची म्हटली असती तर पॅनल आणि बॅटरी जवळजवळ दुप्पट घ्यावी लागली असती. म्हणून माझं पहिलं सांगणं : सोलरच्या दुकानात जायच्या आधी पंख्याच्या दुकानात जा.

यादीत काय नाही तेही बघा. कूलर १५०-२०० वॅटचा असतो. आठ तास चालवला तर एकटाच बाकी सगळ्या घराएवढी किंवा त्याहून जास्त वीज खाईल. फ्रिज लहान असला तरी दिवसाला अर्ध्या-पाऊण युनिटाला सहज जातो. इस्त्री, गिझर, इंडक्शन, पाण्याची मोटार यांचं तर नावच नको. ते लाईट आल्यावर चालवा. सगळंच बॅटरीवर चालवायला गेलं की खर्च हाताबाहेर जातो आणि माणूस वैतागून काहीच घेत नाही.

आता बॅटरीत वीज भरताना, काढताना आणि इन्व्हर्टरमध्ये थोडी वाया जाते. वीस टक्के धरा. १,११० भागिले ०.८ म्हणजे साधारण १,४०० वॅट-तास. पॅनलनं रोज एवढे द्यायला हवेत.

दुसरी पायरी : ऊन मोजायचं पावसाळ्याचं

आपल्याकडे उन्हाची काही कमी नाही. वर्षभराची सरासरी काढली तर मराठवाड्यात रोज पाच तासांच्या पूर्ण उन्हाएवढी ऊर्जा मिळते. पूर्ण ऊन म्हणजे भर दुपारचं स्वच्छ ऊन. सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन त्या मापात बसवून हा आकडा काढतात.

पण सरासरी धरून गणित करणारा जुलैत अंधारात बसतो. ढगाळ महिन्यांसाठी साडेतीन तास धरा. डीपी पण पावसातच जळते, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट, ५४० वॅटचं पॅनल ५४० वॅट देत नाही. ते वॅट प्रयोगशाळेत २५ अंशाला मोजलेले असतात. मे महिन्यात आपल्याकडे हवाच चाळिशीच्या वर असते, तेव्हा पॅनलची काच ६०-६५ अंशांना जाते. दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते, म्हणजे नुसत्या तापण्यानेच दहा-पंधरा टक्के गेले. वर धूळ आणि वायरमधली गळती. एकूण पंचवीस टक्के सोडून द्या.

मग गणित असं : १,४०० भागिले ३.५ भागिले ०.७५ म्हणजे ५३३ वॅट. ५४० किंवा ५५० वॅटचं एकच पॅनल पुरलं.

बसवताना तोंड दक्षिणेला आणि उतार साधारण २० अंश, कारण जालना जवळजवळ २० अक्षांशावर आहे. लिंबाची एक फांदी जरी पॅनलच्या कोपऱ्यावर सावली टाकत असेल, तरी त्या कोपऱ्यापुरती नाही, त्याहून बरीच जास्त वीज जाते. सकाळी दहा ते तीन सावली कुठे फिरते ते एक दिवस बसून बघा आणि मगच जागा ठरवा.

"गारांनी फुटलं तर?" हा प्रश्न जालन्यात विचारायलाच हवा. ११ फेब्रुवारी २०१८ ची गारपीट आपण विसरलेलो नाही. चांगल्या पॅनलची २५ मिलिमीटरच्या गारेने, ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने मारून चाचणी घेतलेली असते. त्याहून मोठी गार आली तर काच फुटू शकते. म्हणून चाचणीचा शिक्का नसलेलं स्वस्त पॅनल घेऊ नका.

तिसरी पायरी : बॅटरी, जिथे सगळे पैसे जातात

बॅटरीचे व्होल्ट गुणिले एएच म्हणजे तिच्यातले वॅट-तास. १२ व्होल्ट, १५० एएच म्हणजे १,८००. पण ट्यूब्युलर बॅटरी रोज पूर्ण रिकामी करायची नसते. निम्मी वापरली तर ती चार-पाच वर्षं टिकते. म्हणजे हाताशी खरे ९०० वॅट-तासच.

आता माझ्या जुन्या घोळाचा हिशोब करा. रात्रीचे नुसते पंखेच १,५०० मागत होते आणि बॅटरी द्यायला ९०० ची होती. मी रोज तिचा पार तळ खरवडत होतो. दिवसा ती पूर्ण भरत नव्हती. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा पांढरा थर चढतो आणि तो चढला की ती कामातून जाते. वर्षाच्या आत माझी बॅटरी मेली. कंपनी वाईट नव्हती, मी तिला उपाशी ठेवून राबवली होती.

दुसरा पर्याय लिथियमचा. त्यातली एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, घरासाठी बरी. ८०-८५ टक्क्यांपर्यंत वापरता येते, पाणी घालावं लागत नाही. मी २५.६ व्होल्ट, १०० एएचची घेतली. तिच्यात २,५६० वॅट-तास, त्यातले २,१०० वापरायचे. मला रोज १,४०० लागतात, म्हणजे दीड दिवसाची सोय झाली.

महाग की स्वस्त हे असं ठरवा. मला मिळालेल्या भावात १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर ३० हजाराला होत्या. दोन्ही मिळून रोज १,८०० वापरले आणि १,२०० वेळा भरल्या-रिकाम्या झाल्या, तर जन्मभरात २,१६० युनिट. म्हणजे युनिटला साधारण १४ रुपये. लिथियम ४२ हजाराची. २.१ युनिट, ३,००० वेळा, म्हणजे ६,३०० युनिट. युनिटला ७ रुपयांच्या आत. आज जी महाग वाटते ती पुढे स्वस्त पडते. पण हातात आज पैसेच नसतील तर ट्यूब्युलर घ्या, दोन घ्या, आणि दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर बघत जा. उन्हाळ्यात दर महिन्याला बघा. बोअरचं पाणी चुकूनही घालू नका.

एक आपल्याकडची खास गोष्ट. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात भट्टी होते. बॅटरी कुठलीही असो, उष्णतेनं तिचं आयुष्य घटतं. घरातली सगळ्यात गार, हवेशीर खोली तिला द्या. ट्यूब्युलरमधून चार्ज होताना गॅस निघतो, म्हणून ती चुलीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब ठेवा.

लहान डबा, मोठी चूक : चार्जर

माझ्या ३७ हजारांत सगळ्यात स्वस्त वस्तू होती चार्ज कंट्रोलर. घोळ तिथेच होता.

३३५ वॅटचं पॅनल साधारण ३७ व्होल्ट आणि ९ अँपिअर देतं. स्वस्तातला पीडब्ल्यूएम चार्जर पॅनलला सरळ बॅटरीला जोडून टाकतो. बॅटरी १३ व्होल्टवर असेल तर पॅनललाही १३ व्होल्टवर आणतो. अँपिअर तेवढेच राहतात. १३ गुणिले ९ म्हणजे ११७ वॅट. पैसे ३३५ चे दिले आणि मिळत होते ११७! एमपीपीटी चार्जर जास्तीचे व्होल्ट अँपिअरमध्ये बदलतो आणि जवळजवळ सगळी वीज बॅटरीला देतो. दुकानात दोनच प्रश्न विचारा : चार्जर एमपीपीटी आहे का, आणि तो माझ्या पॅनलचे व्होल्ट सोसेल का? आजचं ५५० चं पॅनल लोड नसताना ५० व्होल्टच्या आसपास जातं. ते चार्जरच्या मर्यादेत बसायला हवं.

इन्व्हर्टर, वायर आणि जीव

एका वेळी चालणाऱ्या वस्तूंचे वॅट जोडा. आमचे सगळे मिळून ३६५ होतात. मी २४ व्होल्टचा, एमपीपीटी असलेला, १,५०० व्हीएचा सोलर इन्व्हर्टर घेतला. प्युअर साइन वेव्हचाच घ्या, नाहीतर पंखे गुणगुणतात आणि दवाखान्याच्या मशीनचा भरवसा राहत नाही.

१२ ऐवजी २४ व्होल्ट का? ८०० वॅटसाठी १२ व्होल्टला ६७ अँपिअर लागतात, २४ ला ३३. अँपिअर निम्मे झाले की वायर कमी तापते आणि कमी जाडीची चालते. पॅनल ते खोली अंतर दहा-बारा मीटरच्या वर असेल तर ६ चौरस मिलिमीटरची सोलर डीसी वायर घ्या.

आता तीन गोष्टी ज्यात काटकसर करायची नाही. एक, डीसी बाजूला डीसीचाच एमसीबी लावा. घरातला साधा एमसीबी डीसीची ठिणगी विझवू शकत नाही, आग लागते. दोन, अर्थिंग आणि सर्ज अरेस्टर. वळवाच्या विजा मराठवाड्यात दरवर्षी माणसं नेतात. तीन, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून इन्व्हर्टरची वीज घराच्या सॉकेटमध्ये उलटी घालायची नाही. ती मीटरमधून लाईनवर जाते आणि तुमचीच डीपी दुरुस्त करायला आलेला माणूस मरतो. जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.

आणि मित्रांनो, हे खास तुमच्यासाठी. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत शेतात तीन एचपीच्या पंपाला जवळपास ३,००० वॅटची पॅनल लागतात. ती बघून डोक्यात येतंच की त्यातून एक वायर घराला ओढू. नका ओढू. ती पॅनल ओळीत जोडलेली असतात, वायरमध्ये शेकडो व्होल्टचा डीसी असतो. हात चिकटला तर सुटत नाही. शिवाय पंपाची हमी जाते ते वेगळंच.

एकूण खर्च आणि टप्पे

माझ्या दुसऱ्या वेळचा खर्च : पॅनल १४ हजार, इन्व्हर्टर १६, बॅटरी ४२, स्टँड-वायर-एमसीबी-अर्थिंग ९, पंखे ६. एकूण ८७ हजार. तुमच्याकडचे भाव थोडे इकडेतिकडे असतील, तीन ठिकाणी विचारा.

एवढे नसतील तर आधी जीवाला लागणारं करा. तीन बल्ब, एक बीएलडीसी पंखा आठ तास, दोन फोन, आणि नेब्युलायझरसारखं एखादं मशीन. बेरीज ४८० वॅट-तास. त्याला २५० वॅटचं पॅनल आणि १२.८ व्होल्ट, ६० एएचची लिथियम बॅटरी पुरते. हे साधारण ३७-३८ हजारांत बसतं. म्हणजे मी पहिल्यांदा पाण्यात घातले तेवढ्याच पैशात.

शेवटची गोष्ट, पैशाच्या डब्याची. पुणे जिल्ह्यातल्या डोंगरातल्या दरेवाडीत २०१२ मध्ये ग्राम ऊर्जा या संस्थेनं ९.४ किलोवॅटचं सोलर बसवून सुमारे चाळीस घरांना वीज दिली. लाईन तिथवर पोचलीच नव्हती. वीज फुकट नव्हती, घरोघरी मीटर आणि दर महिन्याला बिल. का? कारण बॅटरी कधीतरी मरणारच, आणि त्या दिवशी गावाकडे पैसे हवेत. आईनं हे ऐकलं आणि डब्यात महिन्याला ४०० रुपये टाकायला लागली. आठ वर्षांत ३८ हजार होतात. पुढच्या बॅटरीची काळजी मिटली.

या पावसाळ्यात आमच्याकडे सलग तीन दिवस काळोखी आभाळ होतं, लाईट पण नव्हती. तिसऱ्या संध्याकाळी बॅटरी कमी दिसली, तेव्हा टीव्ही बंद ठेवला, एक पंखा कमी केला. रात्री आजीला दोनदा मशीन लावावं लागलं. लागलं आणि ती झोपली. ट्रॅक्टर गोठ्यापाशीच उभा होता.

तर आज रात्री एवढंच करा : घरातल्या वस्तूंच्या मागचे वॅट वाचा आणि वहीत लिहा. बेरीज जमली नाही तर मला पाठवा, पुढच्या भागात तुमच्यातल्या दोन-तीन घरांचं गणित आपण मिळून सोडवू. भेटू मग. काळजी घ्या.